फायनल, फायनल दोन आणि खरंच फायनल

एखाद्या गाण्यावर टीका करायची असेल तर आधी ते गाणं ऐकावं लागतं, अशी एक गैरसमजूत आपल्याकडे आहे. थोर समीक्षक तिला बळी पडत नाहीत. मी थोर नाही. मी बँकेत कारकून आहे, बी. कॉम. आहे, आणि रागांपैकी फक्त मॅनेजरसाहेबांचा राग मला पहिल्या दोन स्वरांत ओळखता येतो. तरीही दीड वर्षापूर्वी मी एक गाणं न ऐकताच त्याच्यावर टीका केली, आणि ती इतकी खरी ठरली की ती खोटी ठरली असती तर मी पेढे वाटले असते.

झालं असं. माझी ताई अंधेरी पश्चिमेला, डी. एन. नगरात राहते. तिचा मुलगा संगीतकार आहे. अंधेरी पश्चिमेला हे सांगताना कुणी लाजत नाही. तिथे डोळे मिटून दगड भिरकावला तर तो एकतर नटाला लागतो, नाहीतर स्टुडिओच्या काचेला. यशराजसारखा भव्य स्टुडिओ तिथेच आहे, आणि सात बंगल्यापासून ओशिवऱ्यापर्यंत बिल्डिंगी-बिल्डिंगींतून दहा बाय दहाचे स्टुडिओही आहेत. भाच्याचा स्टुडिओ म्हणजे ताईच्या घरातली मागची खोली. आवाज घुमू नये म्हणून तिथे भिंतीवर आमच्या आईनं शिवलेल्या दोन गोधड्या टांगल्या आहेत. पूर्वी त्या आम्ही पांघरत होतो, आता भिंत पांघरते. मुंबईत थंडी वाजली तर भिंतीलाच वाजत असावी.

"मामा, नवं गाणं ऐकून सांग ना कसं झालंय," भाचा म्हणाला आणि त्यानं कॉम्प्युटरवर एक फोल्डर उघडला. पडद्यावर एकाखाली एक त्रेचाळीस नावं उभी राहिली.

"यातलं कुठलं?" मी विचारलं.

"तेच बघतोय."

माझा चहा झाला, ताईनं केलेले पोहे झाले, तरी तो बघतच होता. तेव्हा मी गाण्याचा नाद सोडला आणि त्या फोल्डरचीच समीक्षा करायला घेतली.

प्रथम शीर्षकांविषयी. लेखकाची झेप मोठी आहे, पण शब्दसंपदा बेताची आहे. 'गाणं नवीन', 'गाणं नवीन दोन', 'गाणं फायनल', 'गाणं फायनल दुरुस्त', 'गाणं फायनल फायनल', 'गाणं खरंच फायनल', आणि अगदी तळाशी 'गाणं शेवटचं आईशप्पथ'. त्रेचाळीस नावांत मला फक्त एक नाव वास्तववादी वाटलं: 'बासरी कमी'. निदान त्यात काय केलं ते तरी सांगितलं होतं. बाकी बेचाळीस नावांत लेखकानं काय केलं हे कुठेच येत नाही. त्या घटकेला त्याला काय वाटत होतं एवढंच येतं. हे आत्मनिष्ठ काव्य झालं. हिशेब झाला नाही.

दुसरा आक्षेप शेवटाबद्दल. शोकांतिकेला एक शेवट असतो, सुखांतिकेला एक असतो. इथे एकवीस शेवट होते आणि त्यांतला शेवटचा कुठला हे खुद्द लेखकाला माहीत नव्हतं.

भाचा हसला. "मामा, तुझी बँक नाही ही," म्हणाला.

इथेच त्याचं चुकलं. ही बँकच होती.

मी नोकरीला लागलो तेव्हा जाडजूड लेजरं सेवानिवृत्त होत होती आणि त्यांच्या खुर्चीवर कॉम्प्युटर बसत होता. पण आमच्या हेडक्लार्कनी पहिल्या दिवशी जे शिकवलं ते मला गायत्री मंत्रापेक्षा पक्कं पाठ आहे. लेजरात खोडरबर चालत नाही. आकडा चुकला तर गिरवायचा नाही. त्याच्यावर एक सरळ रेघ मारायची, अशी की खालचा चुकलेला आकडाही वाचता आला पाहिजे. वर बरोबर आकडा लिहायचा आणि शेजारी सही करायची. कुणी बदललं, केव्हा बदललं, आधी काय होतं, सगळं कागदावर. माणूस चुकणारच, हे गृहीत धरून बांधलेली ही व्यवस्था आहे. लग्नसंस्थेतही ती आणायला हवी होती.

कॉम्प्युटरवाल्यांनी हेच तत्त्व फार मागाहून शोधलं आणि त्याला 'व्हर्जन कंट्रोल' असं भारदस्त नाव दिलं. लिनस टोरवाल्ड्स नावाच्या गृहस्थांनी २००५ साली त्यासाठी 'गिट' नावाचा प्रोग्रॅम लिहिला. जगातले बहुतेक प्रोग्रॅमर आज तो वापरतात. प्रत्येक बदल, बदलणाऱ्याचं नाव, वेळ आणि 'का बदललं' याची एक ओळ. म्हणजे आमच्या हेडक्लार्कचं लेजर, फक्त तपकिरीच्या डागांशिवाय. पण गिटचा जीव अक्षरांत. कुठली ओळ बदलली ते तो बरोबर दाखवतो. त्याच्यापुढे गाण्याची ध्वनिफीत ठेवली, तर तो गोंधळलेल्या साक्षीदारासारखा "काहीतरी बदललंय खरं" एवढंच सांगतो, आणि दरवेळी अख्खी फाइल नव्यानं साठवून घर भरून टाकतो. त्यामुळे संगीतकारांचा संसार त्याच्याशी जमला नाही. त्यांनी आपल्यापुरता 'फायनल फायनल' हा घरगुती उपाय शोधला.

आपल्याकडे मात्र हे काम गिटच्या आधीपासून चालू आहे. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत नकलाकारांच्या हातून पाठभेद शिरले, तेव्हा एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ती शुद्ध केली, आणि पुढे कुणी मध्येच आपल्या ओव्या घुसवू नयेत अशी तंबीही देऊन ठेवली. पुण्याच्या भांडारकर संस्थेनं १९१९ मध्ये महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली. बाराशेहून जास्त हस्तलिखितं ताडून ती १९६६ मध्ये पुरी झाली. वर निवडलेला पाठ आणि खाली तळटीपेत नाकारलेले पाठ. नाकारलेलेसुद्धा फेकले नाहीत! सत्तेचाळीस वर्षांत त्या पंडितांनी एकाही पर्वाला 'फायनल फायनल' असं नाव दिल्याचं मी ऐकलेलं नाही.

आणि नावाचंच म्हणाल तर गौहर जान घ्या. १९०२ मध्ये कलकत्त्यात त्यांच्या तबकड्या भरल्या गेल्या, तेव्हा गाणं संपताच त्या इंग्रजीत स्वतःचं नाव सांगत. तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत. तिथल्या कारागिरांना कळावं ही बाई कोण, म्हणून ही सोय. सव्वाशे वर्षांपूर्वी एका गायिकेनं गाण्याच्या पोटातच लेबल शिवून टाकलं. आणि आमचा भाचा, कॉम्प्युटरसमोर बसून, 'आईशप्पथ' लिहितो.

हे सगळं मी त्याला त्या संध्याकाळी ऐकवलं. तो "हो मामा" म्हणाला. हे 'हो' बँकेत कर्ज घेणारे म्हणतात तसलं होतं.

आता त्या फोल्डरमध्ये काय होतं ते सांगायला हवं. आमची आई मुळशीकडची. लहानपणी तिनं तिच्या आईबरोबर जातं ओढलेलं, ओव्या म्हटलेल्या. लग्न होऊन मुंबईला आली, जातं तिकडेच राहिलं आणि ओव्या पोटात राहिल्या. नातवानं एका दुपारी तिला गोधड्यांच्या खोलीत माइकपुढे बसवलं. "आजी, म्हण." ती आधी लाजली, मग रिकाम्या हातानं जातं फिरवल्यासारखं करत तिनं आठ ओव्या म्हटल्या. पुढे चार महिन्यांनी ती गेली. भाचा त्या ओव्यांवर गाणं रचत होता. ते हे त्रेचाळीस फायनलवालं.

गाणं मी नंतर ऐकलं, आणि टीकाकार या नात्यानं मला ते आवडलं नाही. त्यानं आईचा आवाज साबणानं धुतला होता. मधला खोकला काढला होता. स्वर जिथे हलला तिथे प्रोग्रॅमनं तो सरळ केला होता. ओवीचा श्वास जात्याच्या फेऱ्यानं चालतो. त्यानं तो कॉम्प्युटरच्या ठोक्यावर बसवला होता. मी म्हटलं, "अरे, ही आई नाही, ही आईचा पासपोर्ट फोटो आहे." तो म्हणाला, "मामा, मूळ आहे ना माझ्याकडे. कधीही परत जाता येतं."

महिन्याभरात ती डिस्क गेली. कॉम्प्युटर चालू केला की आतून टक टक आवाज यायचा, गुरख्यानं दांडा आपटावा तसा. लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुरुस्तीवाल्यानं ती कानाशी धरली, डॉक्टरसारखी मान हलवली आणि फी मात्र तज्ज्ञाची सांगितली. फी देऊनही काही हाती लागलं नाही.

"पण बॅकअप आहे," भाचा म्हणाला. खरंच होता. दर आठवड्याला तो एका पेनड्राइव्हवर फायली उतरवून घ्यायचा. ताईच्या लॅपटॉपवर तो पेनड्राइव्ह लावला. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस फायली हजर. एक उघडली. पडद्यावर गाण्याचा नकाशा आला, बासरीची पट्टी, ढोलकीची पट्टी, आईची पट्टी. आणि प्रत्येक पट्टीवर एकच निरोप: फाइल सापडत नाही.

मला हे कळायला वेळ लागला, पण एकदा कळलं तेव्हा बँकवाल्याइतकं कुणालाच कळलं नसेल. या प्रोग्रॅमांत, मग ते प्रो टूल्स असो, लॉजिक असो की एबलटन लाइव्ह, प्रोजेक्टची फाइल म्हणजे गाणं नव्हे. आवाज वेगळ्या फायलींत असतात. प्रोजेक्टच्या फाइलीत फक्त लिहिलेलं असतं, की अमुक आवाज अमुक ठिकाणाहून उचल, इथे काप, इथे मोठा कर. म्हणजे ते लेजर. रोकड तिजोरीत. भाच्यानं दर आठवड्याला इमानेइतबारे लेजराची नक्कल घेतली होती आणि तिजोरी जळाली होती. हे प्रोग्रॅम आपण होऊनही मधूनमधून बॅकअप काढतात. तोही लेजराचाच, आणि बहुधा त्याच डिस्कवर. घराची जादा किल्ली घरातच ठेवून दार ओढून घेण्यासारखं आहे हे.

असं व्हायला माणूस अडाणीच असावा लागतो असं नाही. १९९८ मध्ये पिक्सार कंपनीत 'टॉय स्टोरी २' चित्रपट तयार होत असताना कुणाच्या तरी एका आज्ञेनं जवळजवळ सगळा चित्रपट कॉम्प्युटरवरून पुसला गेला. बॅकअप होता, म्हणजे आहे असं सगळ्यांना वाटत होतं. तो नीट होतच नव्हता. वाचवलं कुणी? गॅलिन सुसमन नावाच्या बाई बाळंतपणामुळे घरून काम करत होत्या आणि त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरवर एक प्रत होती. तो कॉम्प्युटर पांघरुणात गुंडाळून, बाळासारखा, गाडीतून ऑफिसात आणला. उलट 'मायस्पेस' या कंपनीला लाखो होतकरू गायकांनी आपली गाणी सांभाळायला दिली, आणि २०१९ मध्ये तिनं कबूल केलं की सामान हलवताना २००३ ते २०१५ अशी बारा वर्षांची गाणी गेली. परत मिळणार नाहीत. दुसऱ्याच्या घरी ठेवलेलं म्हणजे सुरक्षित, असंही नाही.

मग करायचं काय? जे बँक करते तेच. तिजोरीला दोन किल्ल्या, दोन माणसांकडे. जादा किल्ल्या आपल्या शाखेत नाहीत, दुसऱ्या शाखेत. एकानं लिहायचं, दुसऱ्यानं तपासायचं. आणि रोज संध्याकाळी जुळणी. कॉम्प्युटरवाल्यांचा नियम याहून वेगळा नाही: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या ठिकाणी. दुसरं ठिकाण म्हणजे दुसरं कपाट नव्हे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला, तेव्हा तळमजल्यावरची दोन्ही कपाटं एकदमच बुडाली होती, हे अंधेरीकराला सांगायला नको. ज्या वर्षी गिट आलं त्याच वर्षी मिठी नदीनंही बॅकअपवर व्याख्यान दिलं.

खर्चाचा हिशेब मी करून दिला. चोवीस बिट, अठ्ठेचाळीस हजार नमुने या दर्जाच्या एका पट्टीला मिनिटाला साडेआठ एमबीच्या आसपास जागा लागते. पाच मिनिटांचं गाणं, साठ पट्ट्या, म्हणजे सुमारे २.६ जीबी. लोक लग्नाच्या जेवणावळीचे व्हिडिओ याहून जास्त जागेत साठवतात. आणखी एक गोष्ट मला भाच्यानंच सांगितली, पोळल्यानंतर. दहा वर्षांनी तो प्रोग्रॅम, त्यातली ती वाद्यं मिळतीलच असं नाही. तेव्हा काम संपलं की प्रत्येक पट्टी सुरुवातीपासून शेवटपर्यंत साध्या आवाजाच्या फाइलीत उतरवून ठेवायची. म्हणजे लेजर हरवलं तरी नाणी नाणीच राहतात.

भास्करबुवा बखले १९२२ मध्ये गेले. 'संगीत स्वयंवर'ला चाली देणारा एवढा मोठा गवई, पण त्यांचं एकही ध्वनिमुद्रण नाही. जे राहिलं ते शिष्यांच्या गळ्यांत राहिलं, बालगंधर्वांच्या, मास्तर कृष्णरावांच्या. पण त्यांना शिष्य होते. जात्यावरच्या बाईला शिष्य कुठले? म्हणून हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी पुण्याहून जे काम उभं केलं, त्याच्यापुढे मी बँकेच्या कॅपसकट नमस्कार करतो. हजाराहून जास्त गावांतून त्यांच्या मंडळींनी एक लाखाहून जास्त ओव्या टिपल्या, गाणारीच्या नावासह, गावासह. पुढे बर्नार्ड बेल यांनी त्यांतल्या कितीतरी शंभराहून जास्त तासांच्या ध्वनिमुद्रणात उतरवल्या. त्या यादीला मुळशीचं वावडं नाही; उलट मुळशी तालुक्यातल्या बायका तिच्यात पुष्कळ आहेत. आमची आई तेवढी मुंबईत होती, म्हणून सुटली.

ताईला आम्ही बरेच दिवस हे सांगितलं नव्हतं. एका रविवारी भाच्याच्या तोंडून निघून गेलं. ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, "आईच्या ओव्या ना? माझ्याकडे आहेत की. त्याच रात्री मागून घेतल्या होत्या याच्याकडून फोनवर."

आता ताईच्या फोनची कथा अशी, की तो तीन वर्षं भरलेला आहे. रोज सकाळी तो "जागा संपली" म्हणून रडतो आणि रोज ती त्याला "बरं" म्हणते. सुप्रभातची फुलं, २०१९ च्या हळदीकुंकवाचे फोटो, सोसायटीच्या पाण्याची नोटीस, काहीही ती पुसत नाही. यावरून भाच्यानं आणि मी तिला इतकी वर्षं इतकं छळलंय की त्या घटकेला आम्हा दोघांना एकमेकांकडे बघवेना.

आठ नव्हत्या. पाच होत्या. पाठवताना फोननं दाबून दाबून बारीक केलेल्या, मागे कुकरची एक शिट्टी, मध्ये खोकला. पाचवी संपल्यावर आई विचारते, "झालं का रे?" आणि भाच्याचा आवाज येतो, "अजून थोडं, आजी." ते थोडं, म्हणजे उरलेल्या तीन ओव्या, गेल्या. त्यांतली एक माझ्या मामावर होती. शब्द मला अर्धे आठवतात, ताईला अर्धे, आणि ते दोन अर्धे एकमेकांशी जुळत नाहीत. भांडारकर संस्थेला बाराशे प्रती मिळाल्या. आम्हाला दोन मिळाल्या, त्याही फाटक्या.

भाच्यानं गाणं नव्यानं केलं. या वेळी त्यानं खोकला ठेवलाय, शिट्टीही ठेवलीय, आणि ढोलकीला आईच्या श्वासामागून चालायला लावलंय. टीकाकार म्हणून माझं मत: गाणं चांगलं आहे. बासरी अजून थोडी कमी हवी.

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी आता मी डी. एन. नगरला जातो. भाचा एक डिस्क घरी ठेवतो, एक मी बोरिवलीला घेऊन जातो, तिसरी प्रत इंटरनेटवर. प्रत्येक प्रतीतलं एखादं गाणं दुसऱ्याच कॉम्प्युटरवर उघडून, वाजवून बघायचं, मगच वहीत तारीख, काय बदललं त्याची एक ओळ, त्याची सही आणि खाली तपासनीस म्हणून माझी. फायलींना तारखा आहेत. 'फायनल' या शब्दावर बंदी आहे. आईच्या पाच ओव्यांच्या फाइलीला 'मूळ, हात लावू नये' असं नाव आहे.

नवा फोन घेऊन देतो म्हटलं तर ताई नको म्हणते. जुना अजून रोज सकाळी रडतो. आम्ही कुणी त्याला हात लावत नाही.